पेवातील हवा आणि रेणूंची मोजदाद

बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमाभागात ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत पेव खणण्याची चाल जुनी आहे. कन्नडमध्ये त्यास हगेवू म्हणतात. पेवे आता विरळ झाली. परंतु पेव उघडताच आत उतरू नये, ही वडीलधाऱ्यांची ताकीद आजही तितकीच खरी आहे. तिचे कारण शालेय रसायनशास्त्रातील, विद्यार्थ्यांना बहुधा रुक्ष वाटणाऱ्या, मोलच्या धड्यात सापडते.

समान तापमान व दाब असता सर्व वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, असे इटलीतील शास्त्रज्ञ आव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये मांडले. बारा नगांचा जसा डझन, तसा ६०२ वर एकवीस शून्ये इतक्या रेणूंचा सुमारे एक मोल. एक मोल ऑक्सिजनचे वजन ३२ ग्रॅम, तर कार्बन डायऑक्साइडचे ४४ ग्रॅम. वजने भिन्न, रेणू मात्र तितकेच.

साठविलेला दाणा सजीव असतो व तो श्वसन करतो. ऑक्सिजनचे जितके रेणू खर्ची पडतात, जवळजवळ तितकेच कार्बन डायऑक्साइडचे निर्माण होतात. त्यामुळे पेवातील दाब फारसा बदलत नाही. या वायूला रंगही नाही. तेव्हा बाहेरून काहीच उमगत नाही. शिवाय हवेहून जड असल्याने तो खड्ड्यातून लवकर निघून जात नाही.

हे घडण्यास धान्य तरी किती लागावे? ३० अंश सेल्सिअस तापमानास एक घनमीटर हवेत सुमारे ४० मोल रेणू असतात. त्यांपैकी एकपंचमांश, म्हणजे ८ मोल, ऑक्सिजनचे. ६ मोल ऑक्सिजन संपविण्यास १८० ग्रॅम ग्लुकोज पुरते. म्हणजे ८ मोलांस २४० ग्रॅम! पाव किलोहूनही कमी सत्त्व खर्ची पडले की घनमीटरभर हवेतील प्राणवायू नाहीसा होतो. दाणा ओलसर असल्यास, किंवा कीड व बुरशी लागल्यास, ही क्रिया फारच वेगाने होते. शिक्षकांनी हे गणित वर्गात फळ्यावर अवश्य सोडवून दाखवावे.

पेव उघडल्यावर पंख्याने तळापर्यंत ताजी हवा सोडावी. जुन्या चालीप्रमाणे सोडलेला कंदील विझल्यास धोका निश्चित समजावा. तो तेवत राहिला तरी ते अभय नव्हे. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधून वर किमान दोन माणसे उभी असावीत. आत कोणी कोसळल्यास त्याच्यामागे कोणीही उतरू नये. दोरानेच त्यास वर ओढून घ्यावे.