हिवाळी सहल : पहिला दिवस विश्रांतीचा

नाताळच्या सुट्टीची तिकिटे काढून झाली की मंडळी दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, मनालीला निघालोय, बरोबर कोणत्या गोळ्या ठेवू?" गोळ्या लिहून देता येतात. पण बर्फाच्या गावी प्रकृती बिघडते ती बऱ्याचदा सहलीच्या वेळापत्रकामुळे. म्हणून आज औषधांच्या आधी वेळापत्रक पाहू.

आपले अक्कलकोट समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. मनाली साडेसहा हजार फुटांच्या वर. पूर्वी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद झाली की पर्यटक सोलांगपर्यंत जाऊन परतत. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि आता तासा-दीड तासात गाडी पलीकडे सिस्सूला, म्हणजे दहा हजार फुटांवर पोहोचते. तेथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे सत्तर टक्केच असतो. साधारण आठ हजार फुटांच्या वर डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे असा त्रास काहींना होतो. धडधाकट तरुणालाही तो होऊ शकतो. व्यायामाची सवय येथे ढाल ठरत नाही.

तेव्हा रात्रभर बसमध्ये अवघडून आल्यावर त्याच सकाळी बर्फाकडे धावू नये. पहिला दिवस मनालीतच काढावा. हिडिंबा मंदिराच्या देवदारांत सावकाश फिरावे, बाजार पाहावा, लवकर झोपावे. वशिष्ठच्या गरम कुंडात रक्तदाबाच्या वा हृदयाच्या रोग्यांनी फार वेळ बसू नये. दुसऱ्या दिवशी सोलांग आणि तिसऱ्या दिवशी सिस्सू. मुक्कामाला मात्र खाली मनालीतच यावे. वर डोके दुखू लागले तर आणखी वर जायचे नाही. चालताना तोल जाऊ लागला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सहल तेथेच थांबवून रोग्याला ताबडतोब खाली आणावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

बर्फातले खेळ अकरा ते तीन या वेळेतच उरकावेत. सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर गोठलेल्या पाण्याचा काचेसारखा थर असतो आणि पाय घसरून मनगट मोडते. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हाने काही तासांनी डोळे चुरचुरतात, म्हणून मुलांनाही काळा चष्मा हवा. घामाने भिजलेला सुती बनियन अंगावर ठेवू नये. लोकरीचे दोन पातळ थर एका जाड कोटापेक्षा बरे. बोटे बधिर होऊन पांढरी पडली तर ती बर्फाने चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत, कारण बधिर कातडी भाजलेली कळत नाही. कोमट पाण्यात बुडवून ठेवावीत. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. तिने कातडीकडचे रक्त वाढते आणि अंगातली उष्णता उलट लवकर जाते.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे पारा बारा-तेरावर आला की आपण कानटोपी शोधतो. तिथे रात्री तो शून्याखाली जातो. मग खोलीत कोळशाची शेगडी मागवली जाते, दारे-खिडक्या गच्च लावल्या जातात आणि सगळे झोपतात. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तातली प्राणवायूची जागा तो अडवतो आणि झोपेतला माणूस उठतच नाही. लहानशा न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरचाही हाच धोका. गोम अशी की त्याची सुरुवातही डोकेदुखी, मळमळ आणि चक्कर यांनीच होते. लोक म्हणतात, उंचीमुळे होत असेल, आणि पुन्हा रजई ओढतात. बंद खोलीत शेगडी आहे आणि डोके दुखते आहे, तर कारण वायूच समजावे. दारे उघडून सर्वांना आधी बाहेर मोकळ्या हवेत काढावे, मग रुग्णालय गाठावे. खोलीला विजेचा हीटर आहे का, हे आरक्षण करतानाच विचारावे.

मधुमेही मंडळींनी इन्सुलिन गाडीतल्या बॅगेत न ठेवता आतल्या खिशात ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरू नये. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्यावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र जरूर न्यावी, परक्या मुलखात ती पोटाला मानवते.

हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. हे सारे झेपणार नसेल तर महाबळेश्वर काय वाईट आहे? उंची साडेचार हजार फूट, उंचीचा आजार नाही. पसरणी घाटात मळमळू नये म्हणून वाईत पोट भरून जेवू नये, एवढेच पथ्य. थंडीच्या कडाक्यात वेण्णा तलावाकाठी पहाटे दव गोठते, ते पाहायला आजोबांना न्यायचे असेल तर कानटोपी घालून न्यावे.