ट्यूबमधली बाकीची मंडळी

आधी लेबल वाच, ट्यूब मग उघड. तुझ्या ट्यूबमधलं एन्झाइम माणसाचं कार्बोनिक अनहायड्रेज २. जनुक माणसाचं, पण प्रथिन बनवलं ई. कोलाय जिवाणूनं. त्यात बिचकण्यासारखं काही नाही गं. या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या नसतात, गंधकाचे पूल नसतात, त्यामुळे जिवाणूला ते नीट जमतं. लेबलावर बघायचं ते 'युनिट' म्हणजे काय धरलंय ते. विल्बर आणि अँडरसन यांनी १९४८ साली ठरवलेलं युनिट कार्बन डायऑक्साइडवर मोजतात: बर्फासारख्या थंड बफरचा पीएच ८.३ वरून ६.३ वर यायला किती सेकंद लागले, यावरून. दुसरी कंपनी एस्टर फुटून पिवळा रंग किती वेगानं येतो त्यावर आकडा देते. दोन्हीकडे 'युनिट' लिहिलेलं असलं तरी त्या आकड्यांची तुलना करू नकोस. वजनावर आणि मोलवर जा. हे प्रथिन साधारण २९ किलोडाल्टनचं, म्हणजे मिलिलीटरला १ मिलिग्रॅम असेल तर साधारण ३४ मायक्रोमोलर. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, रोज लागेल.

ट्यूब बर्फावर वितळव, उघडायच्या आधी क्षणभर सेंट्रिफ्यूज कर, अर्धा माल झाकणालाच चिकटलेला असतो. व्होर्टेक्स नको, फेस आला की प्रथिन बिघडतं. लगेच छोटे अ‍ॅलिकॉट कर, आणि वापरून उरलेला थेंब परत मूळ ट्यूबमध्ये घालायचा नाही. ग्लिसरॉल असेल तर पिपेट सावकाश ओढ आणि टिप बाहेरून पूस.

आता खरा मुद्दा. रीडिंग विचित्र आलं की तुम्ही पोरं लगेच एन्झाइमला नावं ठेवता. मी म्हणते, आधी त्याच्यासोबत ट्यूबमध्ये कोण कोण आहे ते बघ.

तू नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेट हे एस्टर वापरणार आहेस. स्वस्त, सोपं, प्लेट रीडरवर ४०० नॅनोमीटरच्या आसपास दिसतं. पण ते भलतंच हळवं आहे, एन्झाइम नसतानाही फुटतं. पीएच वाढवला की जास्त फुटतं. ट्रिस बफर त्याला थोडं फोडतो. इमिडाझोल तर चांगलंच फोडतं, आणि हिस-टॅगचं प्रथिन निकेल कॉलमवरून उतरवताना तुम्ही तेच ओतता. डीसॉल्टिंगमध्ये कसूर झाली की एन्झाइम मेलेलं असलं तरी प्लेट पिवळी होते आणि सगळे खूश! प्रथिन प्लास्टिकला चिकटू नये म्हणून बीएसए घालतात, तेही हे एस्टर फोडतं. म्हणून नुसत्या बफरचा ब्लँक पुरत नाही. एन्झाइम ज्या बफरमध्ये आलं तोच बफर, तेवढाच, एन्झाइमशिवाय, असा ब्लँक लाव. शिवाय सगळं घालून वर या एन्झाइमला अडवणारं अ‍ॅसिटाझोलामाइड भरपूर घातलेली एक विहीर ठेव. तिथेही पिवळं होत असेल तर ते आपल्या एन्झाइमचं काम नव्हे.

उलट बाजूला सोडियम अझाइड. बफरला बुरशी लागू नये म्हणून सगळ्या लॅबमध्ये ते सर्रास घालतात, पण अझाइड थेट या एन्झाइममधल्या जस्ताला जाऊन बसतं आणि त्याचं काम अडवतं. कपाटातल्या जुन्या बाटलीवर काय काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तिला हात लावू नकोस.

ईडीटीएची मात्र एवढी भीती नको. धातूचं एन्झाइम म्हटलं की सगळे ओरडतात, पण इथे जस्ताला ९४, ९६ आणि ११९ नंबरच्या तीन हिस्टिडिननी घट्ट धरलेलं असतं. बर्फावर थोडा वेळ ईडीटीए असलं म्हणून ते सुटत नाही. जस्त मुद्दाम काढायचं असेल तर लोक डायपिकोलिनिक आम्ल वापरतात. दुसऱ्या धातूच्या एन्झाइमला हा सल्ला लावू नकोस हं. आणि पुढे कधी तुम्हीच हे प्रथिन बनवलंत, तर इंडक्शनच्या वेळी माध्यमात झिंक सल्फेट घालायला विसरू नका.

नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेटचा स्टॉक अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये, त्याच दिवशी केलेला. स्टॉकच पिवळसर दिसला तर सरळ फेकून दे. पीएच ७ च्या आसपास नायट्रोफेनॉल अर्धंच पिवळं असतं, त्यामुळे पीएच जरा हलला तरी रंग बदलतो आणि वेग बदलल्याचा भास होतो. ३४८ नॅनोमीटरवर वाचलंस तर ही कटकट मिटते.

इनहिबिटरचं जरा नीट ऐक, कारण इथे चांगली चांगली माणसं फसतात. या एन्झाइमचं खरं काम कार्बन डायऑक्साइडवर, सेकंदाला दहा लाखांच्या आसपास रेणू. एस्टर फोडणं हे त्याचं जोडकाम, ते रडतखडत करतं. म्हणून रंग दिसावा म्हणून तुम्ही एन्झाइम जास्त घालता. समज २०० नॅनोमोलर घातलं. निम्मं एन्झाइम अडवायला निदान १०० नॅनोमोलर इनहिबिटर हवाच, एकास एक. म्हणजे औषध कितीही जबरदस्त असलं तरी आयसी५० शंभराच्या खाली येणार नाही! अ‍ॅसिटाझोलामाइडचा केआय १० नॅनोमोलरच्या आसपास आहे, पण तुझ्या प्लेटवर तो कधीच दिसायचा नाही. एन्झाइम कमी करता येत नसेल तर घट्ट बसणाऱ्या इनहिबिटरसाठीचं मॉरिसनचं समीकरण वापर. इनहिबिटर आणि एन्झाइम पंधरा मिनिटं एकत्र राहू दे, मगच एस्टर घाल. औषध ज्यात विरघळवतेस ते डीएमएसओ प्रत्येक विहिरीत सारखं, ज्यात औषध नाही तिथेही.

इनहिबिटर एकास एक लागतो, याचा उलटा उपयोगही होतो. एन्झाइम भरपूर घे, अ‍ॅसिटाझोलामाइड थोडं थोडं वाढवत जा. वेग सरळ रेषेत उतरतो, ती रेषा जिथे शून्याला टेकेल तेवढं एन्झाइम खरोखर कामाचं. लेबलावरच्या प्रथिनाच्या आकड्याशी ते ताडून बघ आणि पुढचे सगळे हिशेब या आकड्यावर कर.

लॉट नंबर प्रत्येक प्रयोगाच्या पानावर लिही. आणि जुना लॉट पुरता संपायच्या आधीच नवा मागव, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, अ‍ॅसिटाझोलामाइडसकट लावता येतील.