स्पार्क प्लगवरून इंजिनाच्या दोषांचे निदान

दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातील बिद्री परिसरात उसाच्या मळ्यांबरोबर यंत्रांचाही संसार वाढला आहे. यांपैकी ट्रॅक्टर व बहुतेक पॉवर टिलर डिझेलवर चालतात. डिझेल हे दाबलेल्या हवेच्या उष्णतेने आपोआप पेटते, म्हणून त्या इंजिनांस स्पार्क प्लग नसतो. परंतु पाठीवरचा फवारणी पंप, ब्रश कटर, लहान पॉवर वीडर, मोटारसायकल व पेट्रोलची मोटार ही सर्व यंत्रे प्लगच्या ठिणगीवर चालतात. यंत्र बंद पडले की आपण प्लग काढतो, पुसतो किंवा नवा घालतो. तो नीट पाहतो मात्र क्वचितच. वैद्य जीभ पाहून पोटाची परीक्षा करतो, त्याप्रमाणे प्लगचे टोक पाहून इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते ओळखता येते.

एक चुकलेले निदान

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात या भागातील एका शेतकऱ्याचा दोन स्ट्रोकचा फवारणी पंप वरचेवर बंद पडू लागला. सोयाबीनवर पाने खाणारी अळी पडली होती आणि पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. त्यांनी प्लग काढून माझ्या हाती दिला. तो काळा होता. “ऑइल जास्त होते आहे, थोडे कमी करा,” असे पाहताक्षणी सांगून मी मोकळा झालो. प्लगला बोट लावून पाहिले असते, तर ती काजळी कोरडी असल्याचे कळले असते. दोष ऑइलाचा नव्हता. हवेचा फिल्टर धुळीने चोंदला होता. शेतकऱ्याने माझा सल्ला मानला, आणि दुसऱ्याच दिवशी ऑइलाअभावी पिस्टन सिलिंडरात अडकून बसला. सुटे भाग येईपर्यंत उघडीप संपली व अळीने आपले काम उरकले. त्या नुकसानीची जबाबदारी माझी होती. तसा प्रसंग दुसऱ्या कोणाच्या शेतात घडू नये, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

प्लग काढण्याची रीत

फवारणी पंप असेल तर प्रथम औषधाची टाकी रिकामी करून पंप व हात स्वच्छ धुवावेत. नंतर इंजिन कामाच्या भारावर पाचएक मिनिटे चालवून थेट बंद करावे. बराच वेळ मंद गतीवर फिरवून मग बंद केल्यास प्लगवर मंद गतीचाच रंग चढतो व निदान चुकते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम असताना प्लग खोलल्यास ॲल्युमिनियमच्या हेडातील आटे खराब होतात. प्लगची टोपी धरून ओढावी, वायर ओढू नये. प्लगभोवतीची माती फुंकून वा ब्रशाने काढावी, नाहीतर ती सिलिंडरात पडते. मग योग्य मापाच्या प्लग पान्याने प्लग सोडवावा. प्लग आधी डोळ्यांनी पाहावा, नंतर बोटाने चाचपावा व शेवटी त्याचा वास घ्यावा.

पाच प्रकारच्या खुणा

१. फिकट तपकिरी किंवा करडा रंग, कोरडे टोक : इंजिन निरोगी आहे. इंजिन तरीही नीट चालत नसेल तर दोष अन्यत्र शोधावा.

२. कोरडी, मऊ, काळी काजळी : बोटाने चोळली असता ती काजळासारखी निघते. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होत असल्याचे हे लक्षण होय. चोंदलेला एअर फिल्टर, ओढलेला राहिलेला चोक, बिघडलेला कार्बुरेटर किंवा सतत मंद गतीवर इंजिन चालविणे ही याची नेहमीची कारणे आहेत. प्रथम फिल्टर पाहावा.

३. काळे, चकचकीत व चिकट टोक : बोटाला तेलकटपणा लागतो. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले असावे. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाईड व सील झिजून ऑइल वर चढत असते. अशा वेळी नवा प्लग थोडेच दिवस टिकतो. खरी दुरुस्ती आतली असते.

४. पेट्रोलने ओले टोक : पेट्रोलचा वास येतो. याचा अर्थ पेट्रोल पोहोचले, पण पेटले नाही. एकतर चोक जास्त वेळ लावल्याने इंजिनात पेट्रोल तुंबले आहे किंवा ठिणगीच पडत नाही. प्लग कोरडा करूनही इंजिन सुरू न झाल्यास प्लग, टोपी, वायर व कॉइल तपासावी.

५. पांढरेफटक किंवा फोड आलेले टोक : ही सर्वांत धोक्याची खूण होय. इंजिन अति तापते आहे. पेट्रोल कमी पडणे, कार्बुरेटरच्या जोडातून जादा हवा शिरणे, थंडाव्याच्या पात्यांत कचरा भरणे किंवा चुकीच्या क्रमांकाचा प्लग बसविणे ही याची कारणे असू शकतात. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलमधील ऑइलाचे प्रमाणही लगेच पडताळावे. इलेक्ट्रोड वितळला असेल किंवा त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसत असतील, तर पिस्टन जळू लागला आहे असे समजून यंत्र तेथेच थांबवावे.

मोटारीचे इंजिन बहुधा तीन किंवा चार सिलिंडरांचे असते. तिचे प्लग काढताना कोणता प्लग कोणत्या सिलिंडरातील आहे हे लिहून ठेवावे. सर्व प्लग सारखेच काळे असतील तर दोष सर्वांना सामाईक, म्हणजे हवा किंवा इंधन यांच्या पुरवठ्यात असतो. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर त्याच सिलिंडरात दोष शोधावा.

रंगामागील कारण

प्लगच्या चिनीमातीच्या टोकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या वर गेले की त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. ते सुमारे ८५० अंशांच्या पलीकडे गेल्यास ठिणगी पडण्यापूर्वीच इंधन पेटू लागते व पिस्टनला इजा पोहोचते. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्यावा. एनजीकेच्या प्लगमध्ये मोठा अंक थंड प्लग दर्शवितो, तर बॉशच्या प्लगमध्ये तोच उष्ण प्लग दर्शवितो. यास्तव अंकावरून अंदाज बांधू नये.

आजच्या पेट्रोलविषयीही दोन गोष्टी ध्यानी धराव्यात. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यापासून प्लगवर रंग फिका चढतो. जुन्या पुस्तकांतील गडद तपकिरी रंगाची अपेक्षा धरू नये. तसेच पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. आपल्या उसापासूनही तयार होणारे हे इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, त्यामुळे जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनात मिश्रण किंचित पातळ होऊन प्लग अधिक फिका दिसू शकतो. इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते. म्हणून फवारणीचा हंगाम संपताच टाकी व कार्बुरेटर रिकामा करून ठेवावा.

साफसफाई व बसवणी

पॉलिश पेपरने प्लग घासू नये, त्याचे कण टोकात अडकतात. चुलीवर भाजल्यास चिनीमातीला तडा जाण्याची भीती असते. कोरडी काजळी मऊ ब्रशाने काढावी. दोन टोकांमधील अंतर लहान इंजिनांत बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानून ते फीलर गेजने मोजावे. टोके झिजून गोल झाली असतील तर प्लग बदलावा. बसविताना आधी हातानेच आटे धरू द्यावेत. वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने सुमारे अर्धा फेरा, व जुना सुमारे पाव फेरा आवळावा.

ऑइलाचे प्रमाण कधीही अंदाजाने बदलू नये. पुस्तिकेत १:५० सांगितले असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, आणि १:२५ असेल तर ४० मिलिलिटर ऑइल मापून घालावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस एक सूचना करावीशी वाटते. निकामी झालेले प्लग फेकून न देता एका फळीवर ओळीने बसवावेत आणि प्रत्येकाखाली सापडलेला दोष लिहावा. खरिपाच्या पूर्वतयारीच्या बैठकीत ही फळी शेतकऱ्यांच्या हाती द्यावी व दोन काळ्या प्लगांतील फरक त्यांना बोटाने चाचपून पाहू द्यावा. यंत्र उचलून कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेण्याचा फेरा दरवेळी टळेल असे नाही. पण नेताना मेस्त्रीला काय सांगायचे हे शेतकऱ्यास ठाऊक असेल, आणि उघडिपीचा दिवस हातचा जाणार नाही.