एआयचं कोटेशन अर्धंच असतं : वराळे-तळेगाव पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारासाठी खर्चाचा हिशेब

तळेगाव स्टेशनहून आंबी, नवलाख उंबऱ्याकडे निघालं की वाटेत वराळे लागतं. एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग, फिक्स्चर, पॅकिंग पुरवणारी तीस-चाळीस माणसांची युनिटं या पट्ट्यात आहेत. त्यातल्या बहुतेक मालकांच्या मेलवर एव्हाना एआयचं एखादं कोटेशन येऊन पडलं असेल. त्यावर एकच आकडा ठळक असतो : माणशी, महिन्याला इतके रुपये. तो आकडा खोटा नसतो, पण खर्चाचा जेमतेम अर्धा भागच त्यात येतो. उरलेला अर्धा कामगारांच्या मस्टरमध्ये, पगारपत्रकात आणि नेमणूकपत्रांत असतो. आयटीवाल्याला तो दिसत नाही आणि एचआरला कोणी विचारत नाही.

मोठ्या कंपन्यांना हे कळून चुकलंय. करोनाची लस बनवणाऱ्या मॉडर्नाने मनुष्यबळ आणि तंत्रज्ञान ही दोन्ही खाती एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आणली. कुठलं काम माणसाने करायचं आणि कुठलं यंत्राकडे द्यायचं, हा प्रश्न दोन टेबलांवर वेगवेगळा सुटत नाही, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे अडचण वेगळीच : एकत्र करायला खाती तरी कुठे आहेत? ‘आयटी’ म्हणजे एएमसीवर येणारा मुलगा. ‘एचआर’ म्हणजे हजेरी, पीएफ, ईएसआय बघणाऱ्या मॅडम आणि महिन्यातून एकदा येणारे लेबर कन्सल्टंट. एका दृष्टीने ही सोयच आहे, कारण एका दुपारच्या चहावर दोन्ही ‘खाती’ समोरासमोर बसवता येतात. ती बसवायची मात्र सही करायच्या आधी.

लायसन

ऑफिस, पर्चेस, क्वालिटी आणि डिस्पॅच मिळून बारा जणांना एआय द्यायचंय असं धरू. माणशी महिना ₹२,००० हा हिशेबापुरता दर घेतला तर वर्षाला ₹२,८८,००० होतात. मायक्रोसॉफ्टचा ३६५ कोपायलट २०२३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याचा दर माणशी महिना ३० डॉलर होता. गुगलने मात्र जानेवारी २०२५ पासून जेमिनी हे आपलं एआय वर्कस्पेसच्या प्लॅनमध्येच घालून प्लॅनचे दर वाढवले. म्हणून पहिला प्रश्न एएमसीवाल्या मुलाला विचारा : आपण ज्या मेलचे पैसे आधीच भरतोय त्यात एआय आलेलं आहे का? असेल तर नवं कोटेशन बाजूला ठेवता येईल. हे दर सारखे बदलतात, त्यामुळे सहीच्या आठवड्यातलं ताजं कोटेशन मागवा आणि वार्षिक कराराची सूट पाहून लगेच भुलू नका.

परदेशी कंपनीकडून थेट सेवा घेतली तर नोंदणी असलेल्या युनिटला १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. वरच्या रकमेवर तो ₹५१,८४० होतो. त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, पण आधी रोख बाहेर जाते. कंपोझिशनवाल्यांना तर क्रेडिटही नाही. पर्चेसने हे विचारात घेतलंय का, ते पाहा.

तपासणीचे तास

कोटेशनमध्ये नसलेला सगळ्यात मोठा खर्च हा आहे. एआयने लिहिलेला मेल, काढलेला तक्ता, भाषांतर केलेली सूचना कोणीतरी वाचून तपासावीच लागते. पगार महिना ₹३०,००० धरला, तर २६ दिवस आणि रोजचे आठ तास या हिशेबाने तासाला साधारण ₹१४४ पडतात. रोज अर्धा तास तपासणीत गेला तर वर्षाचे १५६ तास, म्हणजे माणशी ₹२२,४६४. बारा जणांचे ₹२,६९,५६८. लायसनच्या रकमेला हा आकडा जवळपास भिडतो. आयटीवाला सांगतो, ‘रोज एक तास वाचेल.’ वाचेलही. पण वाचलेला तास आणि तपासणीचा अर्धा तास एकाच माणसाचे असतात का? बहुधा नसतात. ज्युनियरचा मेल पाच मिनिटांत तयार होतो आणि तो दुरुस्त करायला सिनियर क्वालिटी इंजिनियर बसतो. त्याचा तास ₹१४४ चा नसतो. कोणाचा वेळ वाचला आणि कोणाचा गेला, हे मस्टर ठेवणाऱ्या मॅडमच सांगू शकतात.

त्यामानाने प्रशिक्षण स्वस्त आहे. बारा जणांचे प्रत्येकी दहा तास, म्हणजे पगाराचे ₹१७,२८०, शिवाय शिकवणाऱ्याची फी. अट एकच : ते कामाच्या वेळेत ठेवा. सुट्टीच्या दिवशी, फुकट, ‘तुमच्याच भल्यासाठी’ घेतलेल्या वर्गातून कोणी काही शिकत नाही. इंजिनियरिंगचं कॉलेज वराळ्यातच आहे. तिथे इंटर्न मागा. अप्रेंटिस घेतलात तर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिना ₹१,५०० पर्यंत, केंद्राकडून मिळतो. इंटर्नच्या हातात पगारपत्रकाची फाइल मात्र देऊ नका.

माहिती कोणाच्या खात्यात?

ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीचा महिना ₹३९९ चा प्लॅन भारतात आला, आणि फुकटची खाती तर आहेतच. त्यामुळे तुम्ही परवानगी द्या किंवा देऊ नका, तुमच्या ऑफिसात एआय शिरलेलं आहे आणि ते प्रत्येकाच्या खाजगी मोबाइलवर आहे. ग्राहकाचं ड्रॉइंग, दराचा तक्ता तिथे चिकटवला जातो. सॅमसंगच्या इंजिनियरांनी २०२३ मध्ये असाच प्रोग्रामचा कोड चॅटजीपीटीत टाकला होता, मग कंपनीने वापरावर बंदी घातली. खाजगी खात्यातलं संभाषण, सेटिंग बंद केली नसेल तर, मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरलं जाऊ शकतं. मोठ्या कंपन्यांच्या व्यावसायिक प्लॅनमध्ये तसं मुळात होत नाही, आणि जास्तीचे पैसे त्याचेच आहेत. माणूस नोकरी सोडून गेला की खाजगी खातंही त्याच्याबरोबर जातं. म्हणून फुल अँड फायनलच्या कागदात ‘एआय खातं बंद’ ही एक ओळ वाढवायची. खातं बंद करतो आयटीवाला, माणूस कधी जाणार हे ठाऊक असतं एचआरला.

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. नोकरीच्या कारणासाठी कामगाराची माहिती वापरायला प्रत्येक वेळी संमती लागत नाही, पण ती सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकावरच राहते. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा ₹२५० कोटी आहे. चाळीस माणसांच्या युनिटला तेवढा दंड होईल असं नाही, पण चेहऱ्यावरून हजेरी घेणारं यंत्र विकत घेताना फोटो कुठे साठतात आणि किती दिवस, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी ‘क्लाउडवर सेफ आहे सर’ चालणार नाही.

अर्ज गाळायला एआय वापरणार असाल तर दुप्पट सावध. ॲमेझॉनने असं साधन बनवलं होतं. ते बायकांच्या अर्जांना कमी लेखतंय हे लक्षात आल्यावर कंपनीने ते टाकून दिलं, आणि २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. आपल्याकडची खोच निराळी आहे. लातूर-बीडहून आलेल्या आयटीआयच्या पोराच्या अर्जावर तीन वर्षांत पाच कंपन्या दिसतात. यंत्र म्हणेल, हा टिकत नाही. मॅडमना माहीत असतं की ठेकेदाराने दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक दिलाय, पोरगा कुठेच स्वतःहून गेलेला नाही.

माणसं कमी करायची असतील तर

कोटेशनच्या शेवटच्या पानावर ‘मनुष्यबळात बचत’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते वाचून खूश होण्याआधी लेबर कन्सल्टंटना फोन लावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. कपात होण्याची शक्यता असलेला तंत्रबदल करायचा तर कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. कपात केलीच तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा पगार, आणि पुनर्कौशल्य निधीत आणखी १५ दिवसांचा. दिवसाला ₹१,००० मिळवणाऱ्या, आठ वर्षं काम केलेल्या एका ऑपरेटरचा हिशेब : ₹२६,००० अधिक ₹१,२०,००० अधिक ₹१५,०००, म्हणजे ₹१,६१,०००. ग्रॅच्युइटी वेगळी.

रुपयांत न मांडता येणारा भाग वेगळाच. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, आणि ह्युंदाईने तो ताब्यात घेईपर्यंत जानेवारी २०२४ उजाडला. त्याचा एआयशी काहीही संबंध नव्हता. पण मधल्या वर्षांत या भागातल्या अनेक घरांतला पगार बंद झाला, आणि ती माणसं आज आजूबाजूच्याच युनिटांत आहेत. ‘नवीन सिस्टिम येतेय’ हे त्यांना कॅन्टीनमधून कळलं तर चांगला ऑपरेटर दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गेटवर दिसेल. सिस्टिम काय करणार, कोणाचं काम बदलणार, कोणाचं नाही, हे मालकाने स्वतः मराठीत आणि हिंदीत शॉपफ्लोअरवर सांगावं. त्याला खर्च अर्ध्या तासाचा.

सुरुवात किती पैशांत?

पाच लायसन, तीन महिने, महिन्याच्या बोलीवर : वरच्याच दराने ₹३०,०००. पाचांत एक सुपरवायझर आणि एक क्वालिटीचा माणूस हवाच, सगळे ऑफिसचे नकोत. वाचलेले आणि तपासणीत गेलेले तास एका वहीत लिहायचे. वही एचआरकडे, खात्यांच्या परवानग्या आयटीकडे. शॉपफ्लोअरच्या सूचना मराठी-हिंदीत करून घ्यायच्या असतील तर केंद्र सरकारची भाषिणी सेवा आधी वापरून पाहा. सुरक्षेची सूचना मात्र सुपरवायझरने वाचल्याशिवाय लावू नका. वार्षिक करार चौथ्या महिन्यात, वही समोर ठेवून करा, आणि त्यावर आयटी व एचआर दोघांचीही सही नसेल तर कोटेशन परत पाठवा.