जोडीदार शोधणारं ॲप कोणतं घ्यावं?

प्रश्न : नोकरी सांभाळून रात्री व्हॅलोरंट खेळतो. अनोळखी खेळाडूंशी सूर जुळत नाही, शिवीगाळही फार. सोबती शोधायला कोणतं ॲप घ्यावं?

उत्तर : डिस्कॉर्डपासून सुरुवात करा. २०१५ पासून गेमर मंडळींचा राबता तिथेच आहे, आणि वर्दळ नसलेलं ॲप कितीही देखणं असलं तरी रात्री अकराला त्यावर कुणी सापडत नाही. गेमरलिंकसारखी खास ॲप्सही आहेत; त्यावर शेवटची पोस्ट आठवड्यापूर्वीची दिसली, तर वेळ घालवू नका.

ओळख लिहिताना नुसती रँक देऊ नका. ‘मुंबई सर्व्हर, गोल्ड, स्मोक मी टाकतो, मराठी-हिंदी, साडेदहा ते बारा, शिव्या नकोत’ असं स्पष्ट लिहा. पाचांच्या संघात पाचही पुढे घुसून लढणारे ड्युएलिस्ट निघाले, तर ॲपने जोड्या जुळवून काय उपयोग? दोघातिघांनी खेळताना रँकमध्ये फार तफावत असेल तर काँपिटिटिव्ह सामना एकत्र लावताच येत नाही, हेही आधी पाहा.

ब्लॉक आणि तक्रारीची सोय नसलेलं ॲप मात्र घेऊच नका. फोन नंबर, ओटीपी, खात्याचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. ‘रँक वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.