‘कार्व्ह आउट’ : अर्थ आणि उपयोग

इंग्रजीत साध्या क्रियापदाला एखादे लहानसे अव्यय जोडले की त्याच्या अर्थाला नवी दिशा मिळते. अशा जोडप्रयोगाचा अर्थ घटकांची बेरीज करून नेहमीच हाती लागतो असे नाही. ‘कार्व्ह आउट’ हा प्रयोग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

‘कार्व्ह’ म्हणजे कोरणे किंवा कापणे. ‘आउट’ म्हणजे बाहेर. शिल्पकार पाषाणातून मूर्ती कोरून काढतो, तेव्हा ‘काढणे’ हे मराठी क्रियापद ‘आउट’चेच कार्य करते. येथवर दोन्ही भाषा बरोबरीने चालतात. पुढे मात्र वाटा फुटतात. व्यवसायात स्वतःचे स्थान ‘कार्व्ह आउट’ करणे म्हणजे ते कष्टाने मिळवणे. कामाच्या व्यापातून तास ‘कार्व्ह आउट’ करणे म्हणजे वेळात वेळ काढणे; येथे ‘कोरणे’ लोपते, ‘काढणे’ तेवढे उरते.

राज्यरचनेच्या संदर्भात या प्रयोगाची मर्यादा रायपूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. या घटनेला ‘कार्व्ह आउट’ लागू पडत नाही. कारण वेगळा झालेला भाग दुसऱ्या राज्यास जोडला गेला. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळे झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. येथे मात्र हा प्रयोग चपखल बसतो. कारण बाहेर निघालेला भाग स्वतंत्र आकाराने उभा राहिला.

अव्यय बदलले की भावही बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपीय सत्तांनी आफ्रिका ‘कार्व्ह अप’ केली, म्हणजे आपसांत वाटून घेतली. या प्रयोगात निषेधाची छटा आहे. ‘कार्व्ह आउट’मध्ये ती असेलच असे नाही.

म्हणून अनुवादकाने येथे विशेष जपले पाहिजे. छत्तीसगढ ‘तोडले’ असे लिहिल्यास अन्यायाचा आरोप ध्वनित होतो. वस्तुतः मध्य प्रदेशच्याच विधानसभेने १९९४ मध्ये या राज्याच्या बाजूने ठराव केला होता आणि २००० मध्ये संसदेने कायदा संमत केला. ‘कोरून काढले’ हे शब्दशः खरे असले तरी कानाला खटकते. ‘मध्य प्रदेशातून वेगळे होऊन छत्तीसगढ राज्य स्थापन झाले’ हीच रचना उचित होय. इंग्रजी वाक्यात प्रदेश हे कर्म असते आणि कापणारा हात कोणा दुसऱ्याचा. या मराठी वाक्यात तोच प्रदेश कर्ता होतो. एका लहानशा अव्ययाचा अनुवाद करताना एवढा मोठा निर्णय घ्यावा लागतो.