मिठाला जागणे

मुंबईच्या उत्तर टोकास, बोरिवलीच्या पश्चिमेला खाडीपलीकडे गोराई हे गाव आहे. त्याच्या एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी. या खाडीच्या परिसराचा मिठागरांशी जुना संबंध आहे. भरतीचे पाणी मिठागरातील उथळ वाफ्यांत घेतात. उन्हाने ते हळूहळू आटते आणि तळाशी मिठाचे पांढरे कण जमतात.

जेवणात मीठ चिमूटभरच लागते. परंतु ते नसले तर सारे अन्न अळणी होते. म्हणून भाषेनेही मिठाला मोठा मान दिला आहे. ‘मीठ’ हा शब्द संस्कृतातील ‘मिष्ट’ म्हणजे रुचकर या शब्दाशी जोडलेला आहे. हिंदीतील ‘मीठा’ म्हणजे गोड हा शब्दही त्याच घराण्यातला. खारट पदार्थाला गोड नाव मिळाले, ही भाषेची गंमत होय!

ज्याचे अन्न खाल्ले, त्याच्याशी इमानाने वागणे म्हणजे ‘खाल्ल्या मिठाला जागणे’. उलट वागणारा तो ‘नमकहराम’. यातील ‘नमक’ फारसी, तर ‘हराम’ अरबी आहे. चांगल्या कामात विघ्न आणणे म्हणजे ‘मिठाचा खडा टाकणे’, आणि गोष्ट फुगवून सांगणे म्हणजे ‘तिखटमीठ लावणे’.

इंग्रजीतही वेतनास पात्र असलेल्या माणसाला ‘वर्थ हिज सॉल्ट’ म्हणतात. ‘सॅलरी’ हा शब्द लॅटिन ‘सॅलेरियम’पासून आला असून त्याच्या मुळाशी मीठच आहे. रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ देत, असे सांगतात. मात्र त्याला प्राचीन पुरावा नाही. बोलीत मुरलेला खलाशी ‘ओल्ड सॉल्ट’ ठरतो, तर चिडलेला माणूस ‘सॉल्टी’.

इंग्रजी अमदानीत हिंदी शिपायाने सरकारच्या मिठाला जागावे, अशी अपेक्षा असे. पण ते मीठ कोणाचे? समुद्र या देशाचा, श्रम येथल्याच माणसांचे. सरकारचा होता तो केवळ कर. ६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी दांडी येथे मूठभर मीठ उचलून तो कायदा मोडला. त्याच वर्षी वडाळा व शिरोडा येथील मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले. कोणाच्या मिठाला जागावयाचे, हे त्यांनी कृतीने दाखविले.

ताटातील मीठ कोणीतरी उन्हात राबून पिकविलेले असते. त्याच्या कष्टांची जाण ठेवणे, हेही मिठाला जागणेच होय.

स्वाध्याय
१. ‘मिठाचा खडा टाकणे’ व ‘तिखटमीठ लावणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
२. ‘ते मीठ कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शब्दांत लिहा.